कफ्र अल-दव्वार: खंदक, गिरणी आणि फाशी

नकाशात अलेक्झांड्रिया शोधा आणि तिथून कैरोकडे जाणारी रेल्वे धरून थोडं खाली सरका, की कफ्र अल-दव्वार लागतं. कापडगिरण्यांचं गाव. टुरिस्ट इथे उतरत नाहीत, पण इजिप्तमध्ये लष्कर आणि साध्या माणसाचं नातं कसं आहे हे कळून घ्यायचं असेल तर माझ्या मते सुरुवात इथूनच करायला हवी.

साल 1882. 11 जुलैला ब्रिटिश आरमाराने अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या, शहर पेटलं, आणि खेड्यातून वर आलेला आणि परकीयांच्या वर्चस्वाविरुद्ध उठलेला लष्करी अधिकारी अहमद उराबी फौज घेऊन मागे हटला तो थेट इथे. जागा बघा कशी निवडलीय! दोन्हीकडे सरोवरं, मधे जमिनीची चिंचोळी पट्टी, त्या पट्टीवरूनच रेल्वे आणि महमूदिया कालवा जाणार, म्हणजे ही पट्टी अडवली की इकडून कैरोचा रस्ता बंद. खंदक खणले, मातीचे बुरूज उभे केले, आणि अलेक्झांड्रियाला गोडं पाणी देणारा कालवाच बांध घालून अडवला. 5 ऑगस्टला ब्रिटिश चाल करून आले, सोबत तोफा चढवलेली चिलखती ट्रेन, चकमक झाली आणि ते परत गेले. शेवटी ब्रिटिशांचा जनरल वुल्सली याने हा रस्ता सोडला आणि सुएझ कालव्याकडून आत शिरला, त्या मोहिमेत भारतातून नेलेल्या पलटणीही होत्या. 13 सप्टेंबरला तेल अल-कबीरला उराबी हरला, त्याला सिलोनला हद्दपार केलं आणि इंग्रज देशात ठाण मांडून बसले. पण कफ्र अल-दव्वारची फळी काही फुटली नव्हती.

मग 1938 मध्ये बँक मिस्र या इजिप्शियन बँकेच्या ग्रुपने इथे मोठी गिरणी काढली, सूत, कापड, शेजारी रंगाई, आणि आजूबाजूच्या शेतातली पोरं पाळ्यांमध्ये काम करायला लागली.

आता 1952. 23 जुलैला नासर, त्यांचा म्होरक्या जनरल नगीब वगैरे लष्करी अधिकाऱ्यांनी सत्ता हातात घेतली आणि तीन दिवसांत राजाला घालवलं. गिरणीत आनंद झाला, लोकांना वाटलं आता आपलं ऐकणारे आले. तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते, 12 ऑगस्टच्या रात्री कामगारांनी संप पुकारला. युनियन आपण निवडून दिलेली हवी, पगार वाढवा, त्रास देणारे साहेब हटवा, एवढंच मागणं होतं, आणि घोषणा कोणाच्या, तर नगीबच्या आणि लष्कराच्या जयजयकाराच्या! त्याच लष्कराने गिरणीला वेढा दिला. गोळ्या चालल्या, आग लागली, माणसं मेली. लगेच गिरणीच्या आवारातच लष्करी कोर्ट बसलं. मुस्तफा खमीस आणि मुहम्मद अल-बकरी, दोघंही विशीच्या आतबाहेरचे, दोघांना फाशीची शिक्षा. खमीसला स्वतःचा वकील नव्हता, बातमी द्यायला आलेल्या एका पत्रकारालाच त्याच्या बाजूने बोलायला उभं केलं. तो शेवटपर्यंत मी निर्दोष आहे म्हणत राहिला. क्रांती करणाऱ्या अधिकाऱ्यांमध्येही मतभेद होते, खालिद मोहिद्दीनचा फाशीला विरोध होता, पण 7 सप्टेंबरला दोघांना फासावर चढवलं. आणि दोनच दिवसांनी, 9 सप्टेंबरला, याच सरकारने जमीनदारांच्या जमिनी काढून शेतकऱ्यांना द्यायचा कायदा आणला. या दोन तारखा शेजारी ठेवून बघा. शेतकऱ्याला जमीन द्यायला ते तयार होते, पण कामगाराने स्वतःहून उठून काही मागितलेलं त्यांना चालणार नव्हतं, मला तरी याचा दुसरा अर्थ लागत नाही. उराबीला राष्ट्रपुरुष मानणारे हेच अधिकारी, आणि फासावर गेलेली पोरं उराबीच्याच खंदकांच्या गावातली.

गाव गप्प बसलं असं मात्र नाही. 1984 मध्ये खाण्यापिण्याच्या वस्तू महागल्या, त्यात पगारातून विम्याची कपात वाढली, तेव्हा लोक रस्त्यावर आले आणि रेल्वे अडवली. 1994 मध्ये परत आंदोलन, परत पोलिसांची गोळी, परत मृत्यू. डिसेंबर 2006 मध्ये महल्ला या दुसऱ्या गिरणगावात कामगारांनी संप करून बोनस मिळवला, ते बघून फेब्रुवारी 2007 मध्ये कफ्र अल-दव्वारच्या हजारो कामगारांनी साचे बंद केले, रात्रंदिवस गिरणीतच मुक्काम ठोकला, आणि या वेळी नमतं घ्यावं लागलं ते सरकारला.