चौथ्या दिवसाचा रिपोर्ट

नमस्कार श्रोतेहो.

ओळख पटेल असं सगळं बदलून एक गोष्ट सांगते. द्राक्षबागेतला एक तरुण आमच्या तपासणी केंद्रात आला. दार लोटून घेतलं, खुर्चीच्या कडेवर टेकला आणि खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. एका खाजगी लॅबचा एचआयव्हीचा रिपोर्ट, नॉन रिअॅक्टिव्ह, म्हणजे निगेटिव्ह. "मॅडम, म्हणजे मी सुटलो ना?" मी तारखा विचारल्या. संबंध आला रविवारी रात्री, निरोध नव्हता. रक्त दिलं गुरुवारी सकाळी. लॅबमध्ये त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं.

मी म्हटलं, "छाटणी झाल्यावर चौथ्या दिवशी घड मोजायला जाता का बागेत?" तो म्हणाला, "चौथ्या दिवशी काय दिसणार? अजून डोळासुद्धा फुटलेला नसतो."

रक्ताचंही तसंच आहे. आपल्या सरकारी केंद्रातली झटपट तपासणी विषाणू शोधत नाही. विषाणूविरुद्ध शरीर जी प्रतिद्रव्यं तयार करतं, ती शोधते. ती तयार व्हायला काही आठवडे जातात, कुणाला तीन, कुणाला जास्त. या मधल्या काळाला विंडो पिरियड म्हणतात. लागण झालेली असते, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि तेवढ्यात जोडीदारालाही लागण होऊ शकते. म्हणून झटपट तपासणीचा निगेटिव्ह रिपोर्ट पक्का धरायचा तो 90 दिवसांनी. हाताच्या शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत करतात ती चौथ्या पिढीची तपासणी प्रतिद्रव्यांबरोबर विषाणूचा अंशही शोधते. तिचा निकाल 45 दिवसांनी भरवशाचा ठरतो.

गरमी, म्हणजे सिफिलिस, हा संबंधातूनच लागणारा दुसरा आजार माणसाला फार फसवतो. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी, कधी दहा दिवसांनी तर कधी तीन महिन्यांनीही, जननेंद्रियावर एक फोड येतो. दुखत नाही, म्हणून दाखवायला कुणी येत नाही. काही आठवड्यांत तो आपोआप भरूनही येतो आणि माणूस म्हणतो, उष्णतेचं होतं, गेलं. गेलेलं काहीच नसतं, आजार रक्तात असतो. फोड नुकताच आला असेल तर रक्ताचा रिपोर्टही निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून फोड असतानाच डॉक्टरांना दाखवा आणि रक्त तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. पेनिसिलिनच्या इंजेक्शनने हा आजार बरा होतो. गरोदर बाईला तो असेल तर बाळापर्यंत पोचतो, म्हणून तिची तपासणी चुकवू नका.

परमा, म्हणजे गनोरिया, आणि क्लॅमिडिया या संबंधातूनच लागणाऱ्या आजारांची लघवीची किंवा स्रावाची तपासणी दोन आठवड्यांनी करावी. पण लघवीला जळजळ, पू, अंगावरून वेगळं जाणं असं काही दिसलं तर दिवस मोजत बसू नका, त्याच दिवशी या. बायकांमध्ये बरेचदा लक्षणच नसतं, म्हणून नवऱ्याला औषध चालू झालं की बायकोलाही बोलवावं लागतं. ब प्रकारच्या काविळीची तपासणी सहा आठवड्यांनी आणि पुन्हा तीन महिन्यांनी करावी. तिची लस घेतलेली नसेल तर ती मात्र लगेच, जमलं तर 24 तासांतच घ्यावी.

आणखी एक कळकळीने सांगते. आपल्याकडे जयंतीला, गणपतीत रक्तदान शिबिरं होतात. 'रक्त दिलं की आपोआप तपासून होईल,' असं म्हणून कुणी तिथे जाऊ नका. रक्तपेढी प्रत्येक पिशवी तपासते, पण विंडो पिरियडमधलं रक्त तपासणीतूनही निसटू शकतं आणि ते एखाद्या बाळंतिणीला चढतं. शंका असेल तोवर रक्तदान नको, आणि निरोधाशिवाय संबंधही नको.

त्या तरुणाच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटलं, सांगू? तो सोमवारी आला असता तर माझ्याकडे द्यायला काहीतरी होतं. असा संबंध आल्यावर 72 तासांच्या आत एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या सुरू करता येतात. जितक्या लवकर सुरू कराल तितकं चांगलं, आणि 28 दिवस न चुकता घ्यायच्या. त्यासाठी सांगलीच्या किंवा मिरजेच्या सिव्हिलमध्ये रात्री-अपरात्रीसुद्धा जा, आणि काय घडलं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गोळ्या घेतल्या असतील तर पुढच्या तपासणीच्या तारखा तिथूनच ठरवून घ्या. तो आला शुक्रवारी. बुधवारी रात्रीच ती मुदत संपली होती. ते तीन दिवस त्याने लाजेपोटी शेडमध्ये बसून काढले होते.

त्याचं लग्न वैशाखात ठरलं होतं. मी कॅलेंडर पुढे ओढलं, 90 दिवस मोजले आणि त्या तारखेला पेनाने गोल केला. ती लग्नाच्या आधीच येत होती. तो त्या दिवशी बरोबर आला. रिपोर्टमध्ये काय होतं, ते मी सांगणार नाही. 2017च्या एचआयव्ही कायद्याने ती माहिती गुप्त ठेवणं मला बंधनकारक आहे, आणि तुमचीही तशीच राहील. सरकारी केंद्रात तपासणी मोफत आहे. यायच्या आधी नुसतं बोलायचं असेल तर 1097 हा टोल फ्री नंबर आहे. फोन करताना शेवटच्या संबंधाची तारीख तेवढी आठवून ठेवा, पहिल्यांदा तीच विचारतील.