टाके पडण्याआधी आणि नंतर

हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी सोलापुरातल्या रुग्णालयात दाखल झालेल्या यंत्रमाग कामगाराला सिस्टर पहिला प्रश्न विचारतात, "काका, घरून ब्लेडने केस काढून आला नाहीत ना?" प्रश्न किरकोळ वाटतो, पण जखम चिघळणार की नाही, याचा बराचसा निकाल पहिली चीर पडण्याआधीच लागलेला असतो. ब्लेडमुळे त्वचेवर डोळ्यांना न दिसणारे बारीक काप पडतात आणि त्यांत जंतू वाढतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ सालच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की केस शक्यतो काढूच नयेत आणि अगदीच अडत असेल तर क्लिपरने कापावेत. साबण लावून अंघोळ मात्र चुकवू नये.

प्रतिजैविकाचे इंजेक्शन गरज असेल तेव्हा चिरेपूर्वीच्या १२० मिनिटांच्या आत दिले जाते, कारण चीर पडते त्या क्षणी औषध तिथे पोहोचलेले असावे लागते. शस्त्रक्रियेनंतर केवळ खबरदारी म्हणून आठवडाभर गोळ्या चालू ठेवल्याने संसर्ग टळत नाही, उलट औषधाला दाद न देणारे जंतू बळावतात. गोळ्यांची चिठ्ठी मिळाली नाही म्हणून डॉक्टरांनी दुर्लक्ष केले, असा समज कृपया करून घेऊ नका.

बाहेर पारा चाळिशीपार गेलेला असताना थिएटरमध्ये काकांच्या अंगावर उबदार पांघरूण घातले जाते. भुलीमुळे शरीराचे तापमान उतरते, त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला प्राणवायू कमी मिळतो; ऊब जपणे हा म्हणूनच उपचाराचाच भाग आहे. रक्तातील साखरेवरही लक्ष ठेवावे लागते.

आता काका वॉर्डात आहेत. त्यांच्या पत्नीच्या खांद्यावर सोलापुरी टॉवेल आहे. त्यानेच त्यांनी मघाशी घाम पुसला, ताट पुसले, आणि आता तोच टॉवेल ड्रेसिंगच्या कडेकडे निघालेला पाहून सिस्टर त्यांचा हात हळूच थांबवतात. "मावशी, आधी साबणाने हात धुवा. पट्टीला हात लावू नका, आणि हळद तर मुळीच नको." नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात साठवणीचे पाणी हात बुडवून न घेता ओगराळ्याने काढावे, एवढे तर प्रत्येक घरी जमण्याजोगे आहे.

काकांना हर्नियाच्या जागी आधारासाठी कृत्रिम जाळी बसवली आहे, त्यामुळे जखमेकडे ९० दिवस लक्ष ठेवावे लागेल. जखमेभोवती लाली पसरली, ठणका वाढला, पू आला किंवा ताप भरला, तर टाके काढण्याच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे, हे सिस्टर मावशींकडून दोनदा वदवून घेतात.