तोंड इटारसीकडे, चाल बल्लारशाकडे
(एका छंदमंडळाच्या रविवारच्या बैठकीतलं भाषण, थोडं आवरून)

नमस्कार. मला पाऊण तास दिला होता, त्यातली वीस मिनिटं माईक सुरू करण्यात गेली. वायरिंगवरचं भाषण आणि माईकचीच वायर तुटलेली. बरं, सात वाजता हॉल भजनी मंडळाला द्यायचा आहे. त्यांच्याकडे टाळ आहेत, आपल्याकडे नाहीत, तेव्हा भांडण नको.

विषय आहे मॉडेल रेल्वेच्या इंजिनातली मोटर आणि तिला मागंपुढं कसं करायचं. ‘खेळणं’ हा शब्द आमच्या घरी बंद आहे. बायको तो फक्त पाहुण्यांसमोर काढते.

वेळ संपायच्या आत मुद्दा सांगून टाकतो. साध्या डीसीवर, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेवर चालणाऱ्या मॉडेलमध्ये वीज रुळातून येते, आणि दिशा इंजिनात नसते, रुळात असते. चौतीस वर्षं नागपुरात अजनीच्या शेडमध्ये विजेची इंजिनं हाताळली, पण हे मला रिटायर झाल्यावर कळलं. आणि तेही नातवामुळं.

आमच्या मोठ्या इंजिनात सगळं पोटातच. मालगाडीचं डब्ल्यूएजी-७ घ्या. डीसी सिरीज मोटर, म्हणजे चुंबक तयार करणारी स्थिर गुंडाळी (फील्ड) आणि आत फिरणारी गुंडाळी (आर्मेचर) एकाच प्रवाहावर. जे-१, जे-२ हे रिव्हर्सर, म्हणजे दिशा पलटणारे स्विच, फील्डमधला प्रवाह उलटा करतात, आर्मेचरचा तसाच ठेवतात. दोन्ही उलटे केले तर मोटर आपली पहिल्यासारखीच फिरत राहते. डब्ल्यूएजी-९ आलं आणि तीन फेजच्या, म्हणजे एकामागोमाग येणाऱ्या तीन एसी प्रवाहांवरच्या मोटरी आल्या. तिथं फेजचा क्रम बदलला की झालं. पण कुठलंही इंजिन घ्या, दिशेचं हँडल लोको पायलटच्या हातात. वरच्या तारेला काय ठाऊक, गाडी वर्ध्याला चालली की गोंदियाला?

तर जावईबापूंनी बाहेरून एचओचं एक इंजिन आणलं. एचओ म्हणजे १:८७ चं प्रमाण, दोन रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. (आपलं ब्रॉडगेज १६७६. भागा सत्त्याऐंशीनं, एकोणीसच्या वर जातं. म्हणजे आपण सगळेच भारतीय इंजिनं अरुंद रुळावर चालवून राहिलो. हसू नका, तुम्हीपण त्यातलेच. आणि मोतीबागेच्या म्युझियमसमोर राहणाऱ्या ज्या भाऊंना नागभीडची छोटी गाडी करायची आहे, त्यांचं उलट सोपं आहे. तिच्या रुळांतलं अंतर ७६२, भागिले ८७ म्हणजे पावणेनऊ. एन गेज या आणखी छोट्या मापाचे ९ मिलिमीटरचे रूळ घ्या, वर एचओची बॉडी.) कुठं होतो मी?

हां, नातू. टेबलाचं एक टोक इटारसी, दुसरं बल्लारशा. इंजिन बल्लारशाला पोचलं. पोट्ट्यानं ते उचललं, तोंड फिरवून ठेवलं, नॉब फिरवला. इंजिन तोंड इटारसीकडं ठेवून पाठीनं पुन्हा बल्लारशाकडंच! “आजोबा, हे रिव्हर्स मारून राहिलं ना.” आता कंट्रोलरवर दिशेचं बटण होतं, ते दाबलं असतं तर विषय संपत होता. पण मला तत्त्वाचा राग आला. तोंड तिकडं तर ‘पुढे’ तिकडंच, हा माझा शेडमधला हिशोब.

बर्डीवर एका दुकानात घेऊन गेलो. नाव सांगत नाही. त्यानं इंजिन कानाशी धरलं, डॉक्टरसारखी मान हलवली, म्हणाला, “काका, मोटर उलटी बसली आहे कंपनीतून.” चारशे रुपये. घरी आणलं तर इंजिन तोंडाच्या दिशेनं चाललं. मी खूश, नातू खूश.

दिवाळीत दुसरं इंजिन आलं. दोन्ही एकामागे एक जोडली, मागं अकरा डबे, सगळी बिल्डिंग बघायला बोलावलेली. नॉब फिरवला. एक इंजिन इटारसीला ओढतंय, दुसरं बल्लारशाला. चाकं जागच्या जागी घसरून राहिली. मग गरम वार्निशचा तो वास आला, जो शेडमधल्या माणसाला झोपेतसुद्धा कळतो. शेजारचे म्हणाले, “काका, हे युतीचं सरकार आहे का?”

त्या रात्री मल्टिमीटर घेऊन बसलो. या मोटरीत फील्डला गुंडाळीच नाही, कायमचा चुंबक आहे. म्हणून आर्मेचरचा प्रवाह उलटला की ती उलटी फिरते. प्रघात असा की इंजिनाच्या उजव्या हाताचा रूळ पॉझिटिव्ह असेल तर इंजिन पुढं जायचं. तोंड फिरवलं की उजवी चाकं दुसऱ्या रुळावर जातात. म्हणून ते मागं चालतं, म्हणजे टेबलावर त्याच दिशेला. हा दोष नाही हो! यामुळंच कुठलीही दोन इंजिनं, कशीही तोंडं करून जोडा, एकाच बाजूला ओढतात. त्या दुकानवाल्या पठ्ठ्यानं फक्त मोटरीच्या दोन वायरी अदलाबदल करून माझं इंजिन जगावेगळं करून ठेवलं होतं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे ज्यासाठी तुम्ही आलात ते आता पळत सांगतो.

दिशेसाठी सहा टोकांचा डीपीडीटी स्विच घ्या, म्हणजे दोन वायरी एकदम पलटवणारा, मधे बंद होणारा. मधली दोन टोकं रुळाला. एका बाजूची दोन सप्लायला, तिथूनच दोन वायरी फुलीसारख्या दुसऱ्या बाजूला. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय स्विच पलटू नका, गिअर जातात.

रूळ गोल फिरवून त्याच लाईनला परत जोडला तर उजवा रूळ डाव्याला भिडतो, शॉर्ट. त्या वळशाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापा आणि वळशाला वेगळा डीपीडीटी द्या.

डीसीसीवाल्यांनो, म्हणजे रुळातून डिजिटल हुकूम पाठवणाऱ्यांनो, तुमच्या रुळात दिशाच नसते. वीज सारखी उलटसुलट होत असते, हुकूम त्यातूनच जातो, आणि मोटर फिरवायचं काम इंजिनातला डीकोडर, म्हणजे हुकूम वाचणारं छोटं सर्किट, करतो. शेडसारखंच झालं म्हणा. डीकोडरच्या वायरींचे रंग असे: लाल उजव्या रुळाचा, काळा डाव्या. नारिंगी आणि राखाडी मोटरला. पांढरा पुढचा दिवा, पिवळा मागचा, निळा दिव्यांचा सामाईक पॉझिटिव्ह. घरच्या वायरिंगचे रंग डोक्यातून काढून टाका.

आणि डीकोडर लावायच्या आधी मल्टिमीटर बीपवर ठेवा. एक टोक मोटरच्या ब्रशला (आर्मेचरला वीज देणाऱ्या तुकड्याला), दुसरं चाकांना आणि चासीला, म्हणजे इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला. मग दुसऱ्या ब्रशला तसंच. बीप वाजला, म्हणजे कुठंतरी जोड आहे, तर थांबा. जुन्या इंजिनात एक ब्रश चासीलाच टेकलेला असतो. तो सोडवला नाही तर रुळाची वीज थेट डीकोडरच्या मोटरच्या वायरीत शिरते आणि तो जळतो.

टाळवाले दारात आले. दोन्ही इंजिनं टेबलावर आहेत, वायरी मी परत जागेवर लावल्या आहेत. तोंडं कशीही करून जोडून बघा, फक्त नॉब हळू फिरवा.