स्पिरुलिनाच्या टाकीत सकाळचं ऊन का घात करतं?

(पाण्याने भरलेला काचेचा ग्लास कॅमेऱ्यासमोर धरून)

नमस्कार. हा रंग नीट बघा. काळपट हिरवा, आणि उजेडाकडे धरला की कडेला निळसर झाक. ही स्पिरुलिना, आज सकाळीच टाकीतून काढलेली. शास्त्राच्या हिशेबाने हा नील-हरित जिवाणू, पण धंद्यात सगळे हिला शेवाळच म्हणतात. आपणही तेच म्हणू.

"आमच्याकडे ऊन भरपूर आहे, मग शेवाळ जोरात वाढेल ना?" हा प्रश्न मला सतत येतो. त्याचं उत्तर म्हणून माझ्या एका टाकीचं काय झालं ते सांगते.

जानेवारी होता. टाकी नवी, कल्चर म्हणजे शेवाळ वाढवायचं पाणी अजून पातळ, रात्री पारा १२ अंशांपर्यंत उतरलेला. सकाळी लख्ख ऊन पडलं, मला बरं वाटलं आणि मी शेडनेट बाजूला केली. तिसऱ्या दिवशी पाणी पिवळट पडलं, वर फेस धरला. टाकी गेली.

झालं काय, तर शेवाळाची पेशी दोन कामं करते. प्रकाश पकडते, आणि त्या ऊर्जेवर अन्न तयार करते. पकडण्याचं काम थंडीतही चालू राहतं. अन्न तयार करणारी विकरं (एन्झाइम) मात्र गारठ्यात आखडतात. मग आलेली ऊर्जा जाणार कुठे? ती पेशीचीच यंत्रणा जाळते. दुपारी पाणी ३५ अंशांच्या आसपास गेलं की तेच ऊन ती आरामात पचवते. म्हणून हिवाळ्यात पाणी २० अंशांच्या वर आल्याशिवाय मी आता जाळीला हात लावत नाही.

(काठीला बांधलेली पांढरी चकती दाखवत)

आता ही चकती. टाकीत पाणी १५ ते २० सेंटीमीटरच ठेवायचं, कारण दाट कल्चरमध्ये ऊन वरच्या काही सेंटीमीटरमध्येच संपतं. त्यात स्पिरुलिना तरंगते. ढवळलं नाही तर वरची भाजते आणि खालची अंधारात उपाशी राहते. चकती हळूहळू बुडवा. ३ सेंटीमीटरवर दिसेनाशी झाली की काढणीची वेळ झाली. काढणी केली की उरलेल्या शेवाळाला पुन्हा उजेड मिळतो.

आता पाण्याचा सामू, म्हणजे पीएच. तो ७ च्या जितका वर, तितकं पाणी अल्कधर्मी, आणि स्पिरुलिनाला तसंच पाणी लागतं. ते बघायला लोणारला जाऊन यावं. बुलढाणा जिल्ह्यातल्या त्या सरोवराचा सामू १० च्या घरात आहे, आणि तिथे स्पिरुलिनाच्या कुळातलं शेवाळ कुणी न लावता वाढतं. २०२० च्या जूनमध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं, आठवतंय? पाणी आटलं, खारेपणा वाढला आणि मिठात रमणाऱ्या सूक्ष्मजीवांनी जोर धरला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यांना हॅलोआर्किया म्हणून ओळखलं. सरोवर तेच, पण पाण्याचा गुण बदलला आणि राहणारे बदलले.

टाकीत तो गुण आपण खाण्याच्या सोड्याने आणतो. स्पिरुलिनाचं पाणी तयार करायची १९६६ सालची झारूक यांची कृती आजही चालते, तिच्यात लिटरला १६.८ ग्रॅम सोडा आहे. तो शेवाळाला कार्बन पुरवतो आणि सामू चढा ठेवून बाकीच्या बऱ्याच शेवाळांना बाहेर ठेवतो. बोअरचं पाणी जड असेल तर सोडा घालताच तळाला पांढरा साका बसतो. त्यापेक्षा पावसाचं साठवलेलं पाणी चांगलं.

नत्रासाठी कृतीत सोडियम नायट्रेट आहे. युरिया स्वस्त पडतो म्हणून कुणी भसकन ओतू नका! त्यातून अमोनिया सुटतो, आणि एवढ्या चढ्या सामूला तो शेवाळाला विषासारखा भोवतो. उलट नत्र कमी पडलं तर शेवाळ स्वतःचंच निळं रंगद्रव्य मोडून खातं, कारण त्यात नत्र साठवलेलं असतं. तेव्हाही पाणी पिवळटच दिसतं.

मग हे पिवळेपण उन्हाचं की उपासमारीचं, हे ओळखायचं कसं? बारीक विणीच्या कापडातून पेलाभर कल्चर गाळा. नुसती उपासमार असेल तर खाली निळा रंग उतरत नाही. पेशी फुटल्या असतील तर आतला निळा रंग पाण्यात येतो. त्या जानेवारीत मी गाळलं तेव्हा भांड्यात शाईसारखं निळं पाणी पडलं होतं.