मार्चनंतर वस्तीत कोण जाणार?

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा अर्धा उलटला की नाशिकमधल्या समाजकार्याच्या विद्यार्थ्यांचं क्षेत्रकार्य सुरू होतं. महाविद्यालयाचं पत्र खिशात घालून ही मुलं-मुली अंबड-सातपूरच्या कामगार वस्त्यांत जातात, सिव्हिल हॉस्पिटलच्या वॉर्डांत जातात, उंटवाडीच्या निरीक्षणगृहात, आश्रमशाळांत, गंगेवर म्हणजे गोदाघाटावर उघड्यावर राहणाऱ्या माणसांकडे जातात. आठवड्याचे दोन दिवस, मिळून साधारण पंधरा तास. पदवी बी.एस.डब्ल्यू.ची असो की एम.एस.डब्ल्यू.ची, समाजकार्यकर्ता घडतो तो बहुतांशी याच तासांत. आणि वस्तीला त्यातून काही मिळायचं असेल, तर तेही याच तासांत. या दुसऱ्या गोष्टीबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून आज ती बोलू.

भारतात या विषयाचं रीतसर शिक्षण 1936 साली मुंबईत सुरू झालं. सर दोराबजी टाटा यांच्या नावाची ती शाळा म्हणजेच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे आधी नागपाड्यातलं वस्तीकेंद्र चालवत होते, आणि ते केंद्र 1927 चं. म्हणजे केंद्र आधी, अभ्यासक्रम नंतर. आज बहुतेक ठिकाणी अभ्यासक्रम पक्का, वेळापत्रक पक्कं आणि वस्ती मात्र दर वर्षी नवी.

पहिल्या चार आठवड्यांत विद्यार्थ्यानं कुणाला मदत करायला जाऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यानं फक्त फिरावं. शंभर-दीडशे घरांचा एक तुकडा निवडावा आणि हातानं नकाशा काढावा. नळाला पाणी किती वाजता येतं, अंगणवाडीचं दार प्रत्यक्षात किती वाजता उघडतं, रेशन दुकान कुठं, दारूचा गुत्ता कुठं, कोणत्या गल्लीतला दिवा बंद आहे. हा नकाशा दोनदा काढायचा, एकदा सकाळी अकराला आणि एकदा रात्री आठला. औद्योगिक वसाहतीच्या आसपास तर सकाळी अकराला खोल्यांना कुलूप असतं किंवा रात्रपाळीचा माणूस झोपलेला असतो. त्या वेळेला पाहणी केली तर निष्कर्ष निघतो, 'लोकांचा प्रतिसाद कमी.' भाषेचंही तसंच. सुरगाणा-पेठकडे कोकणा आदिवासींची कोकणी बोली, मालेगावात उर्दू, कामगार चाळीत भोजपुरी. छापील प्रश्नावलीतली मराठी तिथं चालत नाही.

मग येते नोंद. क्षेत्रकार्याचा अहवाल म्हणजे फायलीचं ओझं, असं मुलांना वाटतं. त्यात त्यांची चूक नाही, कारण तो कुणी वाचतच नाही हे त्यांना दिसतं. चांगल्या नोंदीत पाच गोष्टी हव्यात: तारीख-वेळ-ठिकाण, डोळ्यांनी काय दिसलं, समोरचा माणूस त्याच्या शब्दांत काय म्हणाला, आपण काय केलं, आणि पुढे कोण काय कधी करणार. आपलं मत लिहायचंच असेल तर वेगळ्या परिच्छेदात. 'आई निष्काळजी आहे' ही नोंद झाली नाही. 'मुलीला तीन दिवस ताप. आई पहाटे पाचला कामावर जाते, संध्याकाळी सातला परतते. दवाखाना पाचला बंद होतो' ही नोंद. पहिलं वाक्य वाचून आईला उपदेश करायला माणूस पाठवला जाईल, दुसरं वाचून दवाखान्याच्या वेळेबद्दल कुणीतरी बोलेल.

हे कौशल्य पुढे कुणाचं आयुष्य ठरवतं, तेही लक्षात घ्या. बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यांसोबत दोन समाजकार्यकर्ते बसतात, त्यांपैकी किमान एक महिला. कायद्याशी संघर्ष झालेल्या, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाला पहिल्यांदा मंडळापुढे आणलं की पंधरा दिवसांत त्याचा सामाजिक तपासणी अहवाल यावा, असं 2015 चा बाल न्याय कायदा सांगतो. 'घरची परिस्थिती गरीब, संगत वाईट' एवढ्या दोन ओळींवर मंडळानं काय ठरवायचं?

नोंद सुधारते ती पर्यवेक्षणात. दर आठवड्याला प्रत्येक विद्यार्थ्याबरोबर स्वतंत्र बैठक व्हायला हवी. मुलं तिला आयसी, म्हणजे इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स, म्हणतात. पाऊण तास तरी हवा, आणि त्याआधी पर्यवेक्षकानं अहवाल वाचलेला हवा. एका शिक्षकाकडे आठ-दहा विद्यार्थी असतील तर हे जमतं. वीस झाले की उरते फक्त सही. ओळखायची खूण सोपी आहे: 'गृहभेट दिली, समस्या जाणून घेतल्या, मार्गदर्शन केले' हे वाक्य लागोपाठ सहा अहवालांत सापडलं, तर मूल वस्तीत गेलेलं नाही, किंवा गेलं तरी त्याला कुणी काही विचारलेलं नाही.

आता सेवेकडे येऊ. चिठ्ठी देऊन 'तहसीलला जा' म्हणणं ही सेवा होत नाही. एक नेहमीचं प्रकरण घेऊ. पेठ तालुक्यातल्या पाड्यावरची पस्तिशीची विधवा. तिला संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करायचा आहे. वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो, तो सेतू केंद्रातून काढता येतो. रहिवासाचा पुरावा, आधार, रेशनकार्ड यांचीही जुळवाजुळव होते. अडतं ते नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्याशी. तो घरीच वारला, नोंद केलीच नाही. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते. वर्ष उलटून गेलं की जिल्हा दंडाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्या आदेशाशिवाय ती होत नाही. इथं विद्यार्थ्याचं काम सुरू होतं: ग्रामसेवकाकडून नोंद उपलब्ध नसल्याचं लिहून घेणं, शपथपत्र, मग आदेशासाठी अर्ज. निराधारचा अर्ज त्याच्या नंतर. हा क्रम माहीत नसलेला कार्यकर्ता त्या बाईला तीन वेळा एस.टी.चं भाडं खर्चायला लावतो आणि चौथ्यांदा ती येत नाही.

अर्ज मंजूर झाल्यावरही पैसे अडतात. आधारवर एक नाव, पासबुकावर दुसरं. किंवा खातं आधारशी जोडलेलंच नाही. म्हणून अर्ज भरण्याआधी सगळ्या कागदांवरची नावं एका ओळीत लिहून ताडून पाहायची. पाच मिनिटांचं काम आहे. पहिल्या खेपेला सोबत जायचं, कोणत्या टेबलावर कोण भेटलं ते लिहून ठेवायचं, पंधरा दिवसांनी पुन्हा विचारायचं आणि पैसे खात्यात जमा झाल्याचं पासबुकात पाहिल्यावरच प्रकरण बंद करायचं. 'अर्ज दाखल' या शेऱ्यावर प्रकरण बंद करायची सवय विद्यार्थीदशेतच लागते आणि नोकरीत जात नाही.

आता खरी अडचण. आपल्या जिल्ह्यात द्राक्षाची फळछाटणी ऑक्टोबरच्या सुमारास होते आणि काढणीचा जोर जानेवारीपासून एप्रिलपर्यंत. पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडची कुटुंबं या दिवसांत दिंडोरी-निफाडच्या मळ्यांत उतरतात, शेडमध्ये राहतात. मुलांची शाळा सुटते, अंगणवाडीचा आहार मागे गावात राहतो. उपाय कागदावर आहेत: शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घेतलं तर मुलाला मुक्कामाच्या शाळेत बसता येतं, आणि रेशन आता दुसऱ्या दुकानातूनही उचलता येतं. हे घडवून आणायला माणूस लागतो तो नेमका फेब्रुवारी-मार्चमध्ये. आणि आमचं महाविद्यालयाचं सत्र संपतं मार्चमध्ये! परीक्षा, फायली, निरोप समारंभ. नवे विद्यार्थी येतात ते जुलै-ऑगस्टला. मधले चार महिने वस्तीत कुणीच नाही, आणि नवा विद्यार्थी पुन्हा पहिल्यापासून तेच प्रश्न विचारतो. लोक वैतागतात, यात नवल काय?

यावर तीन गोष्टी करता येतात. महाविद्यालयानं एक वस्ती किंवा चार-पाच पाडे किमान पाच वर्षं सोडायचे नाहीत. दुसरं, एम.एस.डब्ल्यू.ला वर्षाअखेरीस महिनाभराची ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे एकाच ठिकाणी सलग पूर्णवेळ काम, असते, त्यासाठी मुलं राज्याबाहेरच्या नावाजलेल्या संस्था शोधतात. त्यांतल्या दोघा-तिघांनी तरी एप्रिल-मे आपल्याच क्षेत्रात काढावा. नाव होणार नाही, पण काम शिकता येईल. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्थानिक माणूस, गावातलीच एखादी बारावी झालेली बाई, अर्धवेळ, मानधनावर. 'आशाताई करतील' हे उत्तर कृपया देऊ नका. आशा आणि अंगणवाडी सेविकांवर आधीच पुरेसं लादलेलं आहे. मानधन ग्रामपंचायत, महाविद्यालय आणि संस्था यांनी मिळून उचलावं. हे ठरत नसेल तर वस्तीत क्षेत्रकार्य केंद्राची पाटी लावूच नये.

या सगळ्यांना जोडते ती नोंदवही. ती केंद्राच्या कपाटात, कुलपात राहायला हवी. विद्यार्थ्याच्या फायलीत गेली तर त्याच्याबरोबरच निघून जाते. रकाने थोडेच ठेवा: क्रमांक, पहिली भेट, मागणी, अडलेला कागद, पुढची तारीख, जबाबदार व्यक्ती, निकाल. नाव-पत्ता वेगळ्या वहीत. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात उघड्या प्रकरणांची यादी काढून प्रत्येकाच्या घरी जायचं आणि पुढे येणाऱ्या माणसाची ओळख करून द्यायची.

गोपनीयतेला मर्यादा आहे, हेही विद्यार्थ्याला पहिल्याच महिन्यात शिकवायला हवं. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मुलाला देऊ नये. मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानं ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवावीच लागते. निराधार, हरवलेलं मूल सापडलं तर प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत बालकल्याण समितीपुढे न्यायचं. त्याआधी 1098 या बाल मदत क्रमांकाला फोन. 2027 च्या सिंहस्थात गर्दी आवरायला विद्यार्थी मागितले जातील. दोरी धरून उभं राहायला कुणीही चालेल. हरवलेल्या मुलांच्या आणि वृद्धांच्या मदत कक्षात मात्र हे प्रशिक्षण लागतं, तेव्हा महाविद्यालयांनी तिथलीच जागा मागावी.

श्रोतेहो, तुमच्या दारात असा विद्यार्थी आला तर त्याला आत बोलवा, पण चार गोष्टी विचारा. महाविद्यालयाचं पत्र आहे का? तू जे लिहिणार ते कोण वाचणार? तुझ्या पर्यवेक्षकांचा नंबर काय? आणि पुन्हा कधी येणार, ती तारीख. फोटो काढू द्यायचा की नाही हे तुम्ही ठरवा, नाही म्हटल्यानं कोणतीही योजना अडत नाही. आणि सही करण्याआधी त्यानं लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा. नमस्कार.