पनामॅक्स हे जहाजाचं नाव नाही! महाकाय मालवाहू जहाजं आणि त्यांची टोपणनावं

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय: "दादा, पनामॅक्स मोठं की केपसाइझ? आणि पनामॅक्स कुठल्या कंपनीचं जहाज आहे?" आज त्यावरच बोलू.

प्राथमिक गोष्टी पटकन उरकतो. कंटेनर जहाजाची क्षमता वीस फुटी डब्यांत मोजतात, त्या मापाला टीईयू म्हणतात. 1956 साली आयडियल-एक्स हे जहाज 58 डबे घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेलं. 2023 मध्ये आलेल्या एमएससी इरिनावर 24,346 टीईयू मावतात. लांबी जवळजवळ 400 मीटर. इतकं पुरे.

आता मुद्द्याचं. पनामॅक्स हे माप आहे. पनामा कालव्याच्या जुन्या दरवाजांतून जास्तीत जास्त जेवढं जहाज जाऊ शकतं, तेवढं माप. या कालव्यात जहाज पाण्याच्या लिफ्टमध्ये चढतं म्हणा ना. एका हौदात शिरायचं, मागचा दरवाजा बंद, पाणी भरतं, जहाज वर. 1914 च्या त्या हौदाची रुंदी साधारण 33.5 मीटर, आणि त्यात जायला परवानगी असलेलं जहाज 32.3 मीटर रुंद. दोन्ही बाजूंना मिळून सव्वा मीटरसुद्धा जागा उरत नाही! हौदाच्या काठावर रुळांवरून चालणारी इंजिनं दोरखंडांनी जहाज मधोमध धरून ठेवतात. त्या इंजिनांनाही टोपणनाव आहे: म्यूल, म्हणजे खेचर.

अजून पटत नसेल तर उलट्या बाजूने बघा. पनामॅक्स जहाजं इतकी लांबुडकी आणि अरुंद का? रुंदी वाढवायची सोयच नव्हती, म्हणून बांधणाऱ्यांनी लांबी वाढवली. डेकवर आडवे तेराच डबे बसायचे. जहाजाचा आकार हजारो मैल दूरच्या त्या भिंतींनी ठरवला होता.

आणि तिसरी बाजू. जून 2016 मध्ये पनामाचे नवे, रुंद दरवाजे सुरू झाले. मग निओपनामॅक्स आलं: 366 मीटर लांब, 49 मीटर रुंद, आणि पुढे रुंदीची मर्यादा आणखी थोडी वाढली. जुनी पनामॅक्स कंटेनर जहाजं एका झटक्यात गैरसोयीची झाली. काही तर ऐन उमेदीत भंगारात गेली. जहाजात काहीही बिघडलं नव्हतं, बदलला होता फक्त दरवाजा. म्हणून कळकळीने सांगतो, "पनामॅक्स नावाचं जहाज" असं लिहू नका. मोठमोठ्या चॅनलवरही हे सर्रास चालतं आणि ऐकताना जीव तुटतो, कारण सगळी गंमत त्या दरवाजात आहे.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीची नावं आपोआप सुटतात. सुएझमॅक्स? सुएझ कालव्यात हौद नाहीत, त्यामुळे तिथे प्रश्न मुख्यतः जहाज पाण्याखाली किती जातं आणि रुंद किती, याचा. मलाक्कामॅक्स? मलाक्का सामुद्रधुनीची खोली. केपसाइझ? कालव्यात न मावणारं, म्हणून केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्नला वळसा घालणारं. फक्त अफ्रामॅक्स या रांगेत फसवं आहे. आफ्रिकेशी त्याचा संबंध नाही, ते तेलवाहू जहाजांच्या भाडे-आकारणीच्या पद्धतीवरून आलंय.

एकांनी विचारलंय, "तुम्ही एव्हर गिव्हन म्हणता, पण जहाजावर तर एव्हरग्रीन लिहिलं होतं." बरोबर पाहिलंत. एव्हरग्रीन ही तैवानची कंपनी, एव्हर गिव्हन हे जहाज. मार्च 2021 मध्ये हे 400 मीटरचं जहाज सुएझमध्ये आडवं अडकलं आणि सहा दिवस कालवा बंद. माप नियमात बसत होतं, पण नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, एका काठात रुतली आणि मागचा भाग दुसऱ्या काठाला. लांबी कालव्याच्या रुंदीपेक्षा जास्त, मग होणार काय?

मी एकदा लहान बोटीतून रिकाम्या केपसाइझच्या जवळून गेलोय. बाजूवर पाण्याची खोली दाखवणारे आकडे रंगवलेले असतात. ते वाचत वाचत मान वर गेली ती जातच राहिली. भरलेलं असताना यातला केवढा भाग पाण्याखाली असतो, हे तेव्हा पोटात गोळा येऊन कळलं. आणि एवढ्या लोखंडावर माणसं किती? साधारण वीस-पंचवीस!

सगळ्यात लांब जहाज मात्र कंटेनरचं नव्हतं. सीवाइज जायंट, तेलवाहू, 458 मीटर. पूर्ण भरल्यावर इंग्लिश खाडीतूनही जाऊ शकत नव्हतं. 1988 मध्ये इराण-इराक युद्धात हल्ला झाला, तरी दुरुस्त होऊन पुन्हा समुद्रात उतरलं. नावं बदलत गेली: हॅपी जायंट, याहरे वायकिंग, नॉक नेव्हिस, शेवटी मॉन्ट. 2010 मध्ये अलंगच्या किनाऱ्यावर तोडलं.

आणि एडमंड फिट्झजेराल्ड. उत्तर अमेरिकेच्या ग्रेट लेक्सवरचं खनिजवाहू जहाज, लोक लाडाने मायटी फिट्झ म्हणायचे. 1958 मध्ये पाण्यात उतरलं तेव्हा त्या सरोवरांवरचं सर्वांत मोठं. लांबी 729 फूट. का? सरोवरांना समुद्राशी जोडणाऱ्या सेंट लॉरेन्स जलमार्गाच्या दरवाजांची मर्यादा तेव्हा 730 फूट होती! पुन्हा दरवाजाच. नोव्हेंबर 1975 च्या वादळात ते लेक सुपीरियरमध्ये बुडालं, 29 च्या 29 माणसांसह. त्यांची आठवण काढल्याशिवाय मला या जहाजाबद्दल बोलता येत नाही.

आता बंदरात किंवा फोटोत कंटेनर जहाज दिसलं की मागून बघा आणि डेकवरच्या ओळी, म्हणजे आडवे शेजारी-शेजारी किती डबे, ते मोजा. तेरा असतील तर जुनं पनामॅक्स. एकोणीस-वीस, तर निओपनामॅक्स. तेवीस-चोवीस भरल्या तर ते पनामाच्या नव्या दरवाजांतूनही जाणार नाही. कोणत्या जहाजावर किती ओळी मोजल्या, ते कॉमेंटमध्ये लिहा, मी एकेक वाचतो.