२५६ बाइटची खोली

१९८४ साल, ब्रिटन. मॅथ्यू स्मिथ या तरुण प्रोग्रामरचा 'जेट सेट विली' हा गेम कॅसेटवर विकायला येतो. कॉम्प्युटर आहे झेडएक्स स्पेक्ट्रम, मेमरी ४८ किलोबाइट. एक भलामोठा बंगला, साठेक खोल्या आणि त्यांत विखुरलेल्या वस्तू. त्या सगळ्या गोळा केल्याशिवाय गेम पूर्ण होत नाही.

पण तो पूर्ण होतच नव्हता. माळ्यावरच्या खोलीत पाय ठेवला की मेमरीत भलत्याच जागी आकडे लिहिले जात आणि इतर खोल्या बिघडत. दुरुस्ती शोधून काढली ती खेळणाऱ्यांनी. 'पोक' हा बेसिक या प्रोग्रामिंग भाषेतला आदेश: मेमरीच्या अमुक पत्त्यावर अमुक आकडा ठेव. असे पोक मासिकांत छापून आले आणि लोकांनी ते घरोघरी टाइप केले.

एकदा प्रोग्रामच्या आत शिरल्यावर कोण बाहेर येतंय! तिथे दिसलं की प्रत्येक खोली नेमक्या २५६ बाइटमध्ये बसवली आहे. आडवे ३२ आणि उभे १६, असे ५१२ चौकोन. नकाशात चौकोन चारच प्रकारचे: मोकळा, जमीन, भिंत किंवा जीवघेणा (उतार आणि सरकते पट्टे वेगळे नोंदवलेले). म्हणून एका चौकोनाला दोन बिट पुरतात (आठ बिटांचा एक बाइट) आणि सगळा नकाशा १२८ बाइटमध्ये मावतो. नावाला ३२ बाइट. चार दिशांचे दरवाजे कुठे उघडतात, त्याला फक्त चार. हे आकडे बदलले की खोली तुमची. त्याच वर्षी 'युअर स्पेक्ट्रम' मासिकानं एक जादा खोली छापली, वाचकांनी टाइप करून बंगल्याला जोडावी म्हणून. पुढे खोल्या रचायचे एडिटर आले आणि चाहत्यांनी अख्खे नवे बंगले उभे केले. जुने गेम उघडून बदलायच्या या छंदाची ही मला सर्वांत सुंदर बाजू वाटते. दुसऱ्याची रचना इतक्या बारकाईनं वाचायची, की तिच्यात आपली भर घालता यावी.

दुसऱ्याच्या गेमला हात लावायच्या परवानगीचा प्रश्न मात्र खरा आहे. एप्रिल २०१९ मध्ये एका चाहत्यानं सात वर्षं खपून निन्टेन्डोच्या गेम-यंत्रावरचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' कमोडोर ६४ या जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर आणला. काही दिवसांतच निन्टेन्डोच्या कॉपीराइट नोटिसा आल्या आणि डाउनलोड काढावे लागले. मारिओ निन्टेन्डोचा आहे, तो हक्क नाकारता येत नाही.

तरीही ते काम बघाच. दोन्ही यंत्रांचे प्रोसेसर ६५०२ नावाच्या एकाच चिपच्या कुळातले, पण निन्टेन्डोचा सुमारे पावणेदोन पट वेगवान. तिथे दृश्य सरकवायचं काम चित्रं काढणारी चिपच करते. कमोडोरची चिप पडदा सात पिक्सेलपर्यंतच सरकवते. त्यापुढे पडद्यावरचं सगळं प्रोसेसरनं उचलून शेजारच्या रकान्यात ठेवायचं, तेही मारिओ धावत असताना. हलत्या आकृत्यांसाठी निन्टेन्डोकडे ६४ स्प्राइट, कमोडोरकडे आठ. शत्रूंची गर्दी झाली की गेम जरा मंदावतो. पण मारिओची उडी ओळखीचीच वाटते.